विध्यर्थाकडून आज्ञार्थाकडे : आलेखांच्या संस्थाशैलीचा इतिहास

एखादी वृत्तसंस्था अथवा सरकारी खाते वर्षानुवर्षे आलेख छापू लागले, की त्या आलेखांना हळूहळू एक ठराविक धाटणी येते. शीर्षक कोठे असावे, रेषा किती जाड असावी, रंग कोणते वापरावेत, याचे संकेत रूढ होतात. या संकेतसमूहास प्रस्तुत लेखात ‘संस्थाशैली’ असे म्हटले आहे. गेल्या शतकभरात ही शैली प्रथम छापील नियमांत, नंतर प्रशिक्षित माणसांच्या हाती आणि अखेरीस संगणकाच्या आज्ञावलीत आली. या स्थित्यंतरात नियमांचे ‘अर्थ’च पालटले, असे आमचे प्रतिपादन आहे, आणि येथे ‘अर्थ’ हा शब्द व्याकरणातील पारिभाषिक अर्थाने योजिला आहे.

विल्यम प्लेफेअर याने १७८६ मध्ये लंडन येथे आपला व्यापारविषयक आलेखसंग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्यापुढे अनुसरण्याजोगे नियम जवळजवळ नव्हते. नियमनाचा ठळक प्रयत्न अमेरिकेत झाला. विलर्ड ब्रिंटन याच्या अध्यक्षतेखाली अनेक संस्थांच्या संयुक्त समितीने १९१५ मध्ये सतरा नियमांचा प्राथमिक अहवाल सादर केला. आलेखाची मांडणी डावीकडून उजवीकडे जावी. राशी शक्यतो लांबीने दाखवाव्यात, कारण क्षेत्रफळाने वा घनफळाने दाखविल्यास वाचकाची दिशाभूल होण्याचा संभव असतो. व्यवहार्य असेल तेथे शून्यरेषा आलेखात यावी, अशा स्वरूपाचे ते नियम होते. यांतील ‘शक्यतो’ व ‘व्यवहार्य असेल तेथे’ हे शब्द उपेक्षणीय नव्हेत. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर हे नियम विध्यर्थी होते. नियम पाळणाऱ्याच्या तारतम्यास त्यांनी जागा ठेविली होती.

हे तारतम्य व्हिएन्नामध्ये एका स्वतंत्र भूमिकेच्या रूपाने प्रकट झाले. ओटो नॉयराट याने १९२५ मध्ये तेथे समाज व अर्थव्यवहार यांविषयीचे संग्रहालय स्थापिले. त्याच्या चित्रपद्धतीस पुढे १९३५ मध्ये ‘आयसोटाइप’ हे नाव मिळाले. मोठी संख्या दाखविताना चिन्ह मोठे न करता चिन्हांची संख्या वाढवावी, हा तिचा मूलभूत संकेत होय. गेर्ड आर्न्ट्‌स याने चिन्हे रेखाटली. तथापि आकडेवारीतून नेमके काय दाखवावयाचे, हे ठरविण्याचे काम मारी राइडेमाइस्टर हिच्यासारख्या व्यक्तीकडे असे, आणि त्या भूमिकेस ‘रूपांतरकार’ अशी संज्ञा होती. चिन्हे प्रमाणित झाली होती, निवड मात्र माणसाकडेच राहिली.

तिसऱ्या टप्प्याचा पाया लिलंड विल्किन्सन याच्या १९९९ मधील ग्रंथाने घातला. त्याने आलेखाला चक्क ‘व्याकरण’ आहे असे मांडले. हॅडली विकहॅम याने तो विचार ‘आर’ या संगणकभाषेतील ‘जीजीप्लॉट२’ या आज्ञासंचात उतरविला. त्यात एक महत्त्वाचा भेद आहे : आकडेवारीशी निगडित घटक वेगळे, आणि टंक, पार्श्वभूमी, जाळीरेषा इत्यादी बाह्य घटक वेगळे. या दुसऱ्या वर्गास ‘थीम’ म्हणतात. व्याकरणापासून शैली अशी विलग झाल्यामुळेच संस्थाशैली एका ओळीत लिहिणे शक्य झाले.

बीबीसीच्या आलेख-विभागाने २०१९ मध्ये खुला केलेला ‘बीबीप्लॉट’ हा आज्ञासंच याचे उत्तम उदाहरण होय. त्यात मुख्य आज्ञा दोनच. पहिली शीर्षकाचा टंक व आकार ठरविते, सूची वरच्या बाजूस नेते, उभ्या जाळीरेषा पुसते आणि आडव्या फिकट करड्या ठेवते. दुसरी आज्ञा तळाशी आधाराचा उल्लेख व संस्थेचे चिन्ह घालून चित्र जतन करते. रुंदी व उंची न सांगितल्यास ते ६४० बाय ४५० पिक्सेल इतके होते. येथे ‘शक्यतो’ नाही. विध्यर्थाचा आज्ञार्थ झाला आहे.

मग अपवाद कोठे गेला? तो क्रमात गेला. शैलीच्या आज्ञेपूर्वी केलेले बदल ती आज्ञा पुसून टाकू शकते. म्हणून वेगळे काही हवे असल्यास ते तिच्यानंतर लिहावे लागते. उत्सर्ग व अपवाद यांचा संबंध, तसेच तुल्यबळ नियमांचा विरोध आल्यास परवर्ती नियम बलवान मानणे, या पाणिनीय परंपरेतील कल्पनांशी परिचित असलेल्या वाचकास ही व्यवस्था अपरिचित वाटणार नाही. शिवाय रेषांचे व स्तंभांचे रंग ही शैली-आज्ञा ठरवीत नाही, आणि ठळक शून्यरेषाही स्वतंत्रपणे घालावी लागते. १९१५ च्या समितीने जिच्याविषयी नियम केला होता, ती शून्यरेषा ठळक करण्याचा निर्णय अद्यापि लेखकाकडेच आहे.

मराठीत आलेख काढणाऱ्यास या प्रश्नाची धग अधिक जाणवते. रोमन लिपीसाठी ठरविलेले ओळींतील अंतर देवनागरीच्या वरच्या व खालच्या मात्रांना अपुरे पडू शकते. अंकांची तीन-तीनांची गटवारी गृहीत धरणारी आज्ञा १२,३४,५६७ ही संख्या १,२३४,५६७ अशी छापते. त्यामुळे गणित बिघडत नाही, परंतु लाखांत विचार करणारा वाचक क्षणभर अडखळतो. आयती आज्ञा उसनी घेणाऱ्याने तिच्यात कोणाची वाचनसवय गृहीत धरली आहे, हे प्रथम तपासावयास हवे.

आज्ञावलीने संस्थाशैलीला सातत्य दिले, श्रम वाचविले आणि नियम तपासता येण्याजोगे केले, हा लाभ निर्विवाद आहे. परंतु नियमामागील कारण तिच्यात आपोआप उतरत नाही. ते शेजारी लिहून ठेवावे लागते. उभ्या जाळीरेषा का पुसल्या, हे ज्यास ठाऊक नाही, त्याला त्या केव्हा परत आणाव्यात हेही कळणार नाही. रूपांतरकाराचे पद नाहीसे झाले असेल; त्याचे कार्य मात्र शिल्लक आहे.