नोकरदारांमधील नैराश्यविकार : स्वभावदोष की कार्यभार?
(जपानमधील न्यायनिर्णयांच्या संदर्भात)

प्रस्तावना

नोकरी करणाऱ्या प्रौढ व्यक्तीस नैराश्यविकार जडला, तर त्याचे कारण तिच्या स्वभावात शोधावयाचे की तिच्याकडून करवून घेतलेल्या कामात, हा प्रश्न वरकरणी वैद्यकीय वाटतो. जपानमध्ये मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस तो न्यायालयात लढला गेला. नुकसानभरपाईचे दायित्व कोणाचे, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असल्याने या वादास कामगार-इतिहासात महत्त्वाचे स्थान आहे.

स्वभावमीमांसेचा वारसा

जपानी मनोविकारशास्त्रावर क्यूशू येथील मित्सुझो शिमोदा यांच्या विचारांचा दीर्घकाळ प्रभाव होता. कर्तव्यदक्ष, काटेकोर, थकवा आला तरी काम न सोडणारी माणसे या विकारास अधिक बळी पडतात, असे त्यांनी दुसऱ्या महायुद्धापूर्वीच मांडले होते. १९६१ मध्ये जर्मनीत ह्युबर्टस टेलेनबाख यांनीही बरेचसे असेच प्रतिपादन केले. येथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. रोगास अनुकूल म्हणून जे गुण सांगितले गेले, तेच गुण कर्मचारी निवडताना कंपन्या पारखून घेत होत्या.

अतिश्रमाने होणाऱ्या मृत्यूस 'कारोशी' ही संज्ञा १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ होऊ लागली. परंतु तिचा रोख प्रामुख्याने हृदयविकार व मेंदूतील रक्तस्राव यांवर होता. आत्महत्या हे हेतुपुरस्सर कृत्य मानले जात असल्याने कामगार-विम्याचे संरक्षण तिला सहसा मिळत नसे.

१९९१ ची घटना व तीन निर्णय

देन्त्सू या जाहिरात कंपनीत १९९० मध्ये रुजू झालेल्या एका २४ वर्षीय तरुणाने ऑगस्ट १९९१ मध्ये आत्महत्या केली. रात्र-रात्र कार्यालयात थांबणे हा त्याचा नित्यक्रम झाला होता. कामाच्या तासांची नोंद कर्मचाऱ्याने स्वतः करावयाची असे व ती प्रत्यक्षापेक्षा बरीच कमी दाखविली जाई. घरी जाऊन झोप घे, काम संपले नाही तर सकाळी लवकर येऊन पुरे कर, असा सल्ला वरिष्ठांनी दिला. कामाचा भार मात्र हलका केला नाही.

पालकांनी दाखल केलेल्या दाव्यात टोकियो जिल्हा न्यायालयाने १९९६ मध्ये कंपनीस जबाबदार ठरविले. १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने जबाबदारी मान्य करूनही भरपाईत ३० टक्के कपात केली. मृताचा अतिजबाबदार स्वभाव आणि सोबत राहणाऱ्या आईवडिलांनी परिस्थिती सुधारण्यासाठी काही न करणे, ही त्यामागील कारणे होती. शिमोदांची स्वभावमीमांसा अशा रीतीने हिशेबाच्या वहीत उतरली, असे म्हणावे लागते.

२४ मार्च २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही कपात अमान्य केली. कर्मचाऱ्यांच्या स्वभावात वैविध्य असणारच. ते सर्वसाधारण मर्यादेत असेल तर मालकाने ते गृहीत धरूनच कामाची वाटणी करावयास हवी, असा या निर्णयाचा आशय होता. त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीने सुमारे १६ कोटी ८० लाख येन देऊन तडजोड केली.

निकषांतील बदल

याच सुमारास परिस्थितीही बिघडत होती. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर जपानमधील वार्षिक आत्महत्यांची संख्या २४,३९१ वरून १९९८ मध्ये ३२,८६३ वर गेली. १९९९ मध्ये श्रम मंत्रालयाने कामाच्या मानसिक भाराचे मूल्यमापन करणारी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. २०११ च्या सुधारित निकषांनुसार, विकार सुरू होण्यापूर्वीच्या महिन्यात सुमारे १६० तासांहून अधिक जादा काम झाले असल्यास तेवढ्यावरूनच मानसिक भार 'तीव्र' समजला जाऊ लागला. छळ व अवमान यांचाही विचार होऊ लागला. २०२३ मध्ये ग्राहकांकडून होणाऱ्या त्रासाची त्यात भर पडली.

तथापि डिसेंबर २०१५ मध्ये त्याच कंपनीतील २४ वर्षांच्या तरुणीने आत्महत्या केली आणि २०१७ मध्ये बेकायदा जादा कामाबद्दल कंपनीस ५ लाख येन दंड झाला. भरपाईच्या रकमेशी तुलना करता हा दंड नाममात्रच होय. २०१८ च्या कायद्याने जादा कामावर प्रथमच दंडनीय कमाल मर्यादा आली. गर्दीच्या महिन्यातही ती १०० तासांच्या आत ठेवण्यात आली.

तरुणीचा मृत्यू झाला त्याच महिन्यात, ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना वार्षिक ताण-तपासणी बंधनकारक झाली. कर्मचाऱ्यांची प्रश्नावलीद्वारे तपासणी करवून घेणे मालकास अनिवार्य ठरले. त्या उत्तरांवरून विभागवार विश्लेषण करून कामाच्या रचनेत सुधारणा करणे मात्र 'प्रयत्न करावा' एवढ्याच स्वरूपाचे ठेवण्यात आले.