वाइल्डकॅट आणि तरुण क्वार्टरबॅकची लय

आजचा विषय वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. अमेरिकन फुटबॉल, आणि तोही इतिहासाच्या व्याख्यानात? पण एखाद्या खेळात एका माणसाचं काम केव्हा ठरलं, का ठरलं आणि ते काम त्याच्या हातून काढून घेतलं की काय होतं, हे प्रश्न इतिहासाचेच आहेत. नियम फारसे माहीत नसले तरी चालेल, लागतील तसे सांगत जाऊ.

सुरुवात करू २१ सप्टेंबर २००८ पासून. मॅसॅच्युसेट्समधल्या फॉक्सबरोचं मैदान. यजमान न्यू इंग्लंड पेट्रियट्स. साखळी सामने सलग एकवीस जिंकलेला संघ. पाहुणे मायामी डॉल्फिन्स. आदल्या मोसमात सोळांपैकी एक सामना जिंकलेले, आणि नव्या मोसमातले पहिले दोन्ही हरलेले. त्या दुपारी मायामीनं एक विचित्र रचना लावली. त्यांचा क्वार्टरबॅक चॅड पेनिंग्टन आपली मधली जागा सोडून पार कडेला जाऊन उभा राहिला आणि चेंडू थेट रॉनी ब्राउन या धावणाऱ्या खेळाडूकडे आला. बाजूनं रिकी विल्यम्स आडवा धावत यायचा. ब्राउन चेंडू त्याला देईल, की स्वतःच घेऊन घुसेल? बचाव करणाऱ्यांना कळेपर्यंत उशीर झालेला असायचा. ब्राउननं धावून चार टचडाउन केले, वर पाचव्यासाठी स्वतः पास फेकला. मायामी ३८, न्यू इंग्लंड १३.

हीच ती वाइल्डकॅट रचना. मायामीच्या क्वार्टरबॅकांचे प्रशिक्षक डेव्हिड ली यांनी ती आर्कान्सा विद्यापीठातून आणली होती. तिच्यातली युक्ती म्हणजे साधं अंकगणित आहे. एरवी क्वार्टरबॅक चेंडू दुसऱ्याच्या हातात देतो आणि तिथंच त्याचं काम संपतं, म्हणजे उरलेल्या दहा जणांना समोरच्या अकरा जणांशी झुंजावं लागतं. चेंडू घेणाराच धावणारा असला, तर वाट मोकळी करायला एक माणूस जास्तीचा मिळतो.

आता गंमत अशी की हे नवीन नव्हतंच. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात सगळा अमेरिकन फुटबॉल जवळपास असाच खेळला जायचा. पॉप वॉर्नर या प्रशिक्षकाच्या नावाशी जोडलेली ‘सिंगल विंग’ रचना तेव्हा घराघरात ठाऊक होती. तिच्यात चेंडू मागच्या धावपटूकडे थेट जायचा, आणि क्वार्टरबॅक नावाचा इसम बहुतेक वेळा दुसऱ्यांसाठी धक्के खायचा.

हे चित्र पालटलं ८ डिसेंबर १९४० या दिवशी. म्हणजे बदल आधीपासून चाललेला होता, पण त्या दिवशी तो सगळ्यांना दिसला. अंतिम सामन्यात शिकागो बेअर्सनी वॉशिंग्टनला ७३-० असं धुतलं, तेही ‘टी’ रचना वापरून. या रचनेत क्वार्टरबॅक सेंटरच्या अगदी पाठीशी उभा राहतो. प्रत्येक चेंडू आधी त्याच्या हातात, मग इतरांकडे. बेअर्सचा सिड लकमन हा कोलंबिया विद्यापीठात सिंगल विंगमध्ये वाढलेला मुलगा. सेंटरकडून चेंडू घेणं, वळणं, पावलं मागं टाकणं, हे सगळं त्याला नव्यानं घोटावं लागलं. आमच्या मते आज ज्याला आपण क्वार्टरबॅकची लय म्हणतो, तिचा जन्म इथला आहे. त्याआधी ती नव्हतीच, कारण तिला जागाच नव्हती.

ही लय म्हणजे नेमकं काय, इथं थोडं थांबू या. लय म्हणजे वेग नव्हे. आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढं सरकायला चार प्रयत्न मिळतात. क्वार्टरबॅक प्रत्येक प्रयत्नाआधी सहकाऱ्यांचं कोंडाळं करून चाल सांगतो, रेषेवर जाऊन समोरची मांडणी वाचतो, आवाज देतो, चेंडू घेतो, तीन किंवा पाच पावलं मागं जातो आणि फेकतो. बिल वॉल्श यांनी पुढं सॅन फ्रान्सिस्कोत ही पावलं पास झेलणाऱ्याच्या धावण्याशी बांधून टाकली. मागचं पाऊल टेकलं की चेंडू सुटला पाहिजे, तोवर झेलणारा वळलेला असतो. गाणं ऐकणाऱ्यांना हे लगेच कळेल. ठेका धरणारा दर चौथ्या आवर्तनाला उठून गेला, तर गायकानं समेवर यायचं कसं?

मुरलेला गवई येतोसुद्धा. पेनिंग्टन २००० सालापासून या लीगमध्ये होता. चार-सहा चालींपुरतं कडेला उभं राहून त्याचं काही बिघडलं नाही. त्या मोसमात मायामीनं अकरा सामने जिंकले आणि विभागाचं विजेतेपदही घेतलं. प्रश्न येतो तो नवख्या मुलाचा. त्याला समोरची मांडणी ओळखायला अनुभव लागतो, आणि अनुभव मिळतो तो ओळीनं चाली खेळूनच. पहिल्या प्रयत्नात पास चुकला, पण बचावाचा उजवा कोपरा पुढं सरकतोय हे दिसलं. दुसऱ्या प्रयत्नात त्याचा फायदा घेता येतो. मधली चाल दुसऱ्यानं खेळली तर तो धागा तुटतो. आणखी एक, जे आकड्यांत चटकन दिसत नाही: वाइल्डकॅटची चाल फसून दोन यार्डांचा तोटा झाला, की तरुणाच्या हातात येतो दुसरा प्रयत्न आणि बारा यार्ड. आता पास येणार हे समोरच्यांना ठाऊक असतं. चूक दुसऱ्याची, फास याच्या गळ्यात. सरावाचे तास तर मोजकेच, त्यातलेही काही या खेळीवर जातात.

२००९ मध्ये पेनिंग्टनचा खांदा गेला आणि चोवीस वर्षांचा चॅड हेनी मायामीचा क्वार्टरबॅक झाला. १२ ऑक्टोबरला न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध तो छान खेळला, मायामीनं सामना ३१-२७ जिंकला. पण शेवटचे सहा सेकंद उरले असताना विजयी टचडाउन केला तो वाइल्डकॅटमधून, ब्राउननं. त्याच वर्षी मायामीनं खास या रचनेसाठी म्हणून पॅट व्हाइटला दुसऱ्या फेरीत निवडलं होतं. त्यानं त्या मोसमात पाच पास फेकले, एकही पोहोचला नाही.

त्या ऑक्टोबरच्या रात्री समोर उभा होता जेट्सचा मार्क सँचेझ. बावीस वर्षांचा, पहिलंच वर्ष. खरं म्हणजे आजच्या गोष्टीचा नायक तोच. आणि आपला सिद्धांत इथं जरा अडखळतो, हेही सांगायला हवं. जेट्सकडेही त्या वर्षी ही खेळी होती. ब्रॅड स्मिथ तिच्यात चेंडू घ्यायचा. जानेवारी २०१० मध्ये कोल्ट्सविरुद्धच्या मोठ्या सामन्यात स्मिथनंच ४५ यार्डांचा पास फेकला, आणि लगेच पुढं सँचेझनं टचडाउनचा पास दिला. जेट्स तो सामना हरले, पण मुलाची लय काही स्मिथनं मोडली नाही. सँचेझच्या चुका त्या वर्षी होत्याच, वीस पास त्यानं प्रतिस्पर्ध्यांच्या हातात दिले. पण त्या त्याच्या स्वतःच्या चुका होत्या, नवशिक्याच्या. स्मिथ आपली चाल खेळायचा आणि पुन्हा आपल्या मूळ कामाला लागायचा. सँचेझची जागा तो घेईल असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

२०१२ मध्ये हे बदललं. मायामीत वाइल्डकॅट गाजली तेव्हा मुख्य प्रशिक्षक होते टोनी स्पारानो. तेच आता जेट्सच्या आक्रमणाची सूत्रं सांभाळायला आले. आणि मार्चमध्ये जेट्सनी टिम टीबोला घेतलं. आदल्याच मोसमात डेन्व्हरला प्लेऑफमध्ये नेणारा, देशभर लाडका झालेला क्वार्टरबॅक. म्हणजे आता कडेला उभं राहून सँचेझ पाहत होता तो एका चालीपुरता पाहुणा नव्हता, त्याच्या खुर्चीचा वारस होता. पास चुकला की घरच्या मैदानावर टीबोच्या नावाचा गजर व्हायचा. २०११ मध्ये टचडाउनचे सव्वीस पास देणारा सँचेझ २०१२ मध्ये तेरांवर आला. इंटरसेप्शन दोन्ही वर्षी अठरा.

हे सगळं वाइल्डकॅटनं केलं, असं म्हणणं सोपं आहे. पण आम्ही ते म्हणणार नाही. पास झेलणारा सँटोनिओ होम्स सप्टेंबरमध्येच जायबंदी झाला होता, आणि चालींची पद्धतही नवी होती. आणि २२ नोव्हेंबरचा तो कुप्रसिद्ध प्रसंग घ्या. सँचेझ चाल चुकला, धावत जाऊन आपल्याच सहकाऱ्याच्या पार्श्वभागावर आदळला, चेंडू सुटला आणि पेट्रियट्सनी टचडाउन केला. सगळ्या देशानं तो हसत हसत पुन्हा पुन्हा पाहिला. त्या दिवशी बरगड्या दुखावलेला टीबो मैदानात उतरलाच नव्हता. आमचं म्हणणं एवढंच की रचनेनं तोडलेली लय पुढच्या चालीत परत जोडता येते. आपल्याला बदलणारा माणूस रोज शेजारी उभा असेल, तर प्रत्येक चालीआधी मनात एक मोजणी जास्तीची होते, आणि तीन पावलांच्या खेळात तेवढा वेळ नसतो.

वॉल्श यांनी याच्या बरोबर उलटं केलं होतं, १९७९ मध्ये. जो मोंटाना तेव्हा नवखा होता आणि मुख्य क्वार्टरबॅक होता स्टीव्ह डीबर्ग. मोंटानाला ते मुद्दाम सोप्या वेळी आत पाठवायचे, चेंडू गोलरेषेजवळ असताना वगैरे. तीही अदलाबदलच, पण तरुणाच्या बाजूनं केलेली. तिची किंमत डीबर्गनं मोजली, हे मात्र खरं.

जेट्सचं पुढं काय झालं? १७ डिसेंबरला टेनेसीविरुद्ध सँचेझनं चार इंटरसेप्शन दिले आणि पुढच्या सामन्यासाठी त्याला बसवलं गेलं. ती जागा टीबोला मिळाली नाही. सुरुवात करायला पाठवलं तिसऱ्या क्रमांकाच्या ग्रेग मॅकेलरॉयला. मोसम संपल्यावर स्पारानोही गेले. ज्याच्यासाठी एवढा घाट घातला, त्या टीबोनं जेट्सकडून संपूर्ण वर्षात फेकलेले पास होते आठ.