सहा महिन्यांचे व्याकरण

परक्या भाषेच्या व्याकरणाचा सराव कोणत्या पुस्तकावरून करावा, हा प्रश्न आज बहुधा पुस्तकांच्या दुकानात सुटतो. जुन्नरच्या किंवा मंचरच्या बाजारपेठेत इंग्रजी व्याकरणाचे पुस्तक घेणारा पालक त्याची जाडी पाहतो, किंमत पाहतो आणि शेजारच्या मुलाकडे कोणते पुस्तक आहे ते आठवतो. या निवडीमागे काही विचार असू शकतो आणि त्या विचाराला इतिहासही आहे, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. तो इतिहास मात्र याच परिसराशी निगडित असलेल्या एका राजकुळाच्या नावाने सांगितला जातो.

जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटातील लेण्यात सातवाहनांचा प्रसिद्ध शिलालेख आहे. त्यात अश्वमेधासारख्या वैदिक यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणांची नोंद आहे; पण भाषा संस्कृत नसून प्राकृत आहे. जुन्नर परिसरातील बौद्ध लेण्यांत तीन दानलेख यवनांचे आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट याने भोजनमंडप दिला, तर चंद याने लेण्याच्या दर्शनी भागासाठी दान केले. हे लेखही प्राकृतातच आहेत. म्हणजे यज्ञ करणारा राजा असो की परदेशी मूळ सांगणारा दाता, या डोंगरांत सार्वजनिक व्यवहाराची भाषा प्राकृत होती. संस्कृत ही शिकून घ्यावी लागणारी भाषा होती.

या पार्श्वभूमीवर सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तील कथा वाचावी. राजा सातवाहन राण्यांसह जलक्रीडा करीत असता एक राणी दमते आणि ‘मोदकैः’ असा शब्द वापरून त्याला विनवते. तिला म्हणायचे असते ‘मा उदकैः’, म्हणजे पाण्याने मारू नका. राजाला हा संधी उमगत नाही. तो लाडू मागवतो. राणी हसते, परिवारासमोर राजाचे अज्ञान उघडे पडते आणि तो खिन्न होऊन अन्नपाणी, बोलणे सोडतो. मग दरबारात प्रश्न उभा राहतो: राजाने व्याकरण किती काळात शिकावे? व्याकरणाला बारा वर्षे लागतात, पण मी ते सहा वर्षांत शिकवीन, असे गुणाढ्य म्हणतो. शर्ववर्मा म्हणतो, सहा महिन्यांत. गुणाढ्य पैज लावतो: हे घडले तर आपण संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषांचा त्याग करू. शर्ववर्मा कार्तिकेयाच्या कृपेने एक छोटे व्याकरण मिळवतो आणि पैज जिंकतो.

ही कथा म्हणजे इतिहास नव्हे. सोमदेव अकराव्या शतकातला, काश्मीरचा. शिवाय राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त सातवाहनाने अंतःपुरात प्राकृतच बोलावे असा नियम केल्याची आठवण नोंदवली आहे, ती या संस्कृत बोलणाऱ्या राणीशी जुळत नाही. परंतु शर्ववर्म्याचे ‘कातंत्र’ व्याकरण काल्पनिक नाही. त्याच्या नावाचा अर्थच ‘लहान शास्त्र’ असा आहे. पाणिनीची सुमारे ४००० सूत्रे, तर कातंत्राची कृत्प्रकरण धरून सुमारे १४००. खरा फरक मात्र संख्येचा नाही, रचनेचा आहे. पाणिनीने सूत्रांचा क्रम शास्त्राच्या लाघवासाठी लावला. एक रूप सिद्ध करायचे तर विद्यार्थ्याला आठही अध्यायांत फिरावे लागते. कातंत्रात आधी संधी, मग नामे, मग क्रियापदे, अशी शिकणाऱ्याच्या सोयीची प्रकरणे आहेत. वैदिक भाषेचे नियम त्याने सरळ वगळले. बंगाल व काश्मीर येथे हे व्याकरण रुजले, त्याचे तिबेटी भाषांतर झाले आणि मध्य आशियातही त्याचे अवशेष सापडले. जिथे संस्कृत खरोखरच परकी होती, तिथे हे लहान पुस्तक पोहोचले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

असाच प्रसंग महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात पुन्हा आला. नव्या शाळांत संस्कृत शिकणाऱ्या मुलांपाशी पाठशाळेतील बारा वर्षे नव्हती. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८६४ मध्ये संस्कृतचे पहिले पुस्तक आणि १८६८ मध्ये दुसरे प्रसिद्ध केले. प्रत्येक पाठात थोडे व्याकरण, थोडे शब्द आणि दोन्ही दिशांनी भाषांतराची वाक्ये, ही त्यांची घडण. शर्ववर्म्याने प्रकरणे लावली होती. भांडारकरांनी त्यांना सरावाची जोड दिली. एक विसंगती मात्र राहिली. ही पुस्तके इंग्रजीत होती. मराठी मुलगा आपल्या भाषेच्या आजीकडे इंग्रजीच्या दारातून गेला.

इंग्रजी शिकण्यासाठी याउलट वाट द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांनी आखली. त्यांच्या ‘भाषांतर पाठमाले’चे तीन भाग मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या वापरले गेले. नियम मराठीत समजावायचा, शब्द द्यायचे आणि मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत वाक्ये करवून घ्यायची. पुढे भाषांतरपद्धतीवर टीका झाली. मूल बोलायला शिकत नाही, हा आक्षेप खराही होता. तिच्या जागी आलेल्या पुस्तकांनी मात्र मराठीच काढून टाकली. ‘रेन अँड मार्टिन’ व्याख्या आणि वाक्यपृथक्करणावर उभे आहे. त्यातील रेन म्हणजे ‘ब्यू जेस्ट’ ही १९२४ ची कादंबरी लिहिणारा, मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काम केलेला लेखक. रेमंड मर्फी यांचे १९८५ मधील पुस्तक स्वाध्यायासाठी उत्तम: डाव्या पानावर स्पष्टीकरण, उजव्या पानावर प्रश्न, शेवटी उत्तरे. पण ते जगातील कोणत्याही विद्यार्थ्यासाठी लिहिलेले आहे, म्हणून मराठी विद्यार्थी नेमका कुठे अडखळतो हे त्याला ठाऊक नाही.

तो अडखळतो त्या जागा ठरलेल्या आहेत. मराठीत इंग्रजीसारखी उपपदे नाहीत, म्हणून ‘अ’ आणि ‘द’ कुठे घालावेत हे त्याला कानाने कळत नाही. ‘मी पुस्तक वाचले’ या वाक्यात मराठी क्रियापद पुस्तकाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. इंग्रजीत कर्माचा तसा काहीच अधिकार नाही. ‘मला ताप आहे’, ‘मला भूक लागली’ या वाक्यांत मराठी माणूस अनुभव घेणारा असतो. इंग्रजीत त्याला कर्ता व्हावे लागते. सरावाचे पुस्तक निवडताना पाने मोजण्यापेक्षा हे पाहावे: या तीन जागी पुस्तक थांबते का? नियमानंतर पुरेशी वाक्ये देते का? शिक्षक जवळ नसेल तर चूक तपासण्याची सोय आहे का?

हा प्रश्न केवळ शहरी सोयीचा नाही. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आले. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी व ठाकर वाड्यांतील मुलांसाठी पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठीही घरच्या बोलीहून निराळी; इंग्रजी त्यापलीकडची. तिथे चुकीचे पुस्तक हाती पडले तर ते बाजूला ठेवून दुसरे आणण्याची ऐपत नसते. मग मूल पुस्तकाला नव्हे, स्वतःला मठ्ठ समजू लागते. सातवाहनाला निदान दोन पंडित आणि त्यांतून निवड करण्याची मुभा होती.

पैज हरलेल्या गुणाढ्याचे पुढे काय झाले, हेही विसरू नये. तिन्ही भाषा सोडून तो विंध्याच्या अरण्यात गेला, पिशाचांचे आपसातले बोलणे ऐकून पैशाची शिकला आणि त्या भाषेत त्याने ‘बृहत्कथा’ रचली. व्याकरणाच्या पुस्तकाने राजाची लाज राखली. कथा मात्र ऐकून शिकलेल्या भाषेत झाली. म्हणून सहा महिन्यांचे पुस्तक नीट पारखून घ्यावे, पण त्यानंतर मुलांना ऐकायला आणि वाचायला काय देणार, याचाही विचार त्याच दिवशी करावा.