अर्ध्या तासाचं ऋण

आपल्या इतिहासात सत्याग्रह आहेत, परिषदा आहेत, ठराव आहेत. प्रेम नाही. प्रेम ही पांढरपेशांच्या कादंबरीतली चीज, ज्यांची दुपार मोकळी असते त्यांची, असं आपणही मानून चाललो. डोक्यावर पाटी असलेल्या बाईला आणि तिन्ही पाळ्यांत फिरणाऱ्या गड्याला, आपल्यावर कुणाचा जीव आहे हे कशानं कळत असेल? हा प्रश्न इतिहासाचा आहे असं कुणाला वाटत नाही. मला वाटतो.

सावित्रीबाई फुल्यांचं एक पत्र आहे. २९ ऑगस्ट १८६८ चं, माहेराहून, नायगावहून जोतीरावांना लिहिलेलं. नवऱ्याला लिहिलेल्या या पत्राचा जीव आहे दुसऱ्याच एका जोडप्याची हकीकत. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण, पंचांग घेऊन गावोगाव फिरणारा. शारजा महाराची पोर. दोघांचं जमलं, शारजाला दिवस गेले. गावानं दोघांना धरलं, मारत मारत गावातून फिरवलं, जीवच घेणार होते. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारचा धाक घातला आणि दोघांना सोडवलं. मग त्या लिहितात की या दोघांना तुमच्याकडं धाडते आहे.

मी या वाक्यापाशी थांबतो. ‘धाडू का’ असं नाही, ‘धाडते आहे’. गाव ज्यांच्या जिवावर उठलंय अशी दोन माणसं नवऱ्याच्या दारात पाठवताना या बाईला आधी विचारावं लागत नाही. तो दार उघडणार हे तिला ठाऊक आहे. त्या काळात किती बायकांना नवऱ्याविषयी एवढी खात्री होती? आजच्या काळातही बोटं मोजून बघा.

आता आपल्या कोल्हापुराकडं येऊ. १९१९ साली शाहू महाराजांनी संस्थानात कायदा केला, बायकांना क्रूरपणे वागवण्यास बंदी. जातीबाहेर लग्न करणाऱ्यांनाही त्याच सुमारास कायद्याचा आधार दिला. सगळ्या देशाला ४९८-अ कलम मिळायला १९८३ साल उजाडलं आणि घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५ साली आला. म्हणजे राजा किती पुढं होता ते बघा. कायदा उगारलेला हात धरतो, आणि हात धरणं ही पहिली गरज आहेच. मार खाणाऱ्या बाईला प्रेमाच्या गोष्टी सांगणाऱ्याच्या थोबाडीत मारावी. पण हात थांबला म्हणजे जीव लावला असं होत नाही. पुढचं काम कायद्याच्या हातात नाही.

त्याच कोल्हापुरात दत्तोबा पवार होते. बाबासाहेब आणि शाहू महाराज एकत्र आले त्या काळातले, १९२० च्या माणगाव परिषदेच्या वेळचे, बाबासाहेबांचे जवळचे सोबती. १९२६ च्या जुलैत बाबासाहेबांचा धाकटा मुलगा राजरत्न गेला. ऑगस्टमध्ये त्यांनी दत्तोबांना पत्र लिहिलं. आम्ही सावरलो आहोत असं सोंग करण्यात अर्थ नाही, मीही नाही आणि माझी पत्नीही नाही, आणि कधी सावरू असंही वाटत नाही, असा त्याचा आशय. चार लेकरं पुरली होती दोघांनी. तीन मुलगे, एक मुलगी.

आपल्याकडं लेकरू गेलं की रडणं आईच्या वाट्याला आणि गप्प बसणं बापाच्या वाट्याला. वरून बापाला शाबासकी, गडी घट्ट आहे म्हणून. हा माणूस मात्र मित्राला लिहिताना स्वतःचं आणि रमाईचं दुःख एकाच वाक्यात ठेवतो. वाटणी करत नाही. कोल्हापूरच्या पत्त्यावर आलेलं हे पत्र मला आपल्या गावच्या इतिहासातला मोठा ऐवज वाटतो.

रमाई दापोलीजवळच्या वणंदची. बाप दाभोळच्या बंदरात माशांच्या पाट्या वाहणारा. लहान वयात लग्न झालं, भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर रात्री. १९१३ ला नवरा अमेरिकेला गेला, मग लंडनला. १९२० ला पुन्हा लंडन, ते १९२३ पर्यंत. मागं मुंबईत ही, घर आणि उपास.

३ फेब्रुवारी १९२८ च्या ‘बहिष्कृत भारता’त बाबासाहेबांनी एक अग्रलेख लिहिला. पत्र तोट्यात होतं, वर्गणी येत नव्हती. त्या पैशाच्या लेखात मध्येच ते बायकोविषयी लिहितात. मी परदेशी असताना हिनं रात्रंदिवस संसाराची काळजी वाहिली, परत आल्यावर माझ्या गरिबीत डोक्यावरून शेण वाहिलं, आणि अशा बाईच्या संगतीत मला चोवीस तासांतला अर्धा तासही घालवता आला नाही. शब्द माझे आहेत, मतलब त्यांचा.

अर्धा तास! दोस्तांनो, मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर साइडर आहे. तुटलेला धागा जोडायचा, पुन्हा तुटला की पुन्हा जोडायचा. पाळीत जेवणाची सुट्टी अर्धा तास. अर्धा तास म्हणजे किती, हे आम्हाला घड्याळ न बघता कळतं. डबा उघडून, खाऊन, हात धुऊन चार वाक्यं बोलता येतात एवढा तो असतो. तेवढाही बायकोला देता आला नाही, हे एवढा मोठा माणूस चारचौघांत, छापून सांगतो. आणि ‘ऋण’ हा शब्द त्या अग्रलेखाच्या मथळ्यातच आहे.

आपण काय केलं? रमाईचा फोटो लावला, हार घातला, खाली ‘त्यागमूर्ती’ लिहिलं. आणि घरातल्या बाईला सांगितलं, बघ, रमाईनं किती सोसलं, तुला काय झालंय? बैठकीला जाणारे, भाषणं ठोकणारे, रात्री अकराला येऊन ताट मागणारे आपले कार्यकर्ते हे सांगतात. मी कानांनी ऐकलंय. बाबासाहेबांनी जे देणं म्हणून लिहिलं, ते आपण बायकांच्या नावावर चढवलं. सावकार याहून वेगळं काय करतो?

आमच्या गल्लीत एक म्हातारी आहे. तिचा मालक शाहू मिलमध्ये होता. १९०६ ला निघालेली ती मिल २००३ ला बंद पडली, त्याच्या आधीच तो वारला. मी तिला विचारलं, आज्जी, त्यांचा तुझ्यावर जीव होता हे तुला कसं कळायचं? आधी हसली. मग म्हणाली, “लेकरा, त्यो फार बोलायचा न्हाई. पर पगाराचं पाकीट कधी फोडून आणलं न्हाई. आन् रातपाळी करून आला की पयलं इचारायचा, तू जेवलीस का? त्योच उपाशी असायचा. तरी बी आधी माझं इचारायचा.” चाळीस वर्षांच्या संसारातनं तिनं एवढंच काढून दाखवलं. लुगडी, डाग, काही नाही. तिच्या भुकेची कुणीतरी नोंद ठेवत होतं, हे तिला पुरलं.

मला वाटतं, सगळा मामला या नोंदीचा आहे. गोड बोलणं सिनेमावाले शिकवतात. आपला शीण, आपलं ओझं समोरच्याच्या हिशेबात धरलेलं आहे, हे ज्याला दिसतं त्याला जीव लावल्याचं कळतं. पण ते दिसायला पाहिजे, आणि वेळेत. बाबासाहेबांची नोंद बघा कुठं कुठं गेली. पत्र कोल्हापूरला, दत्तोबांकडं. अग्रलेख वर्गणीदारांकडं, तोही वर्गणी थकवलेल्यांकडं. २७ मे १९३५ ला रमाई गेली. ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हे पुस्तक त्यानंतर पाच वर्षांनी, १९४० च्या अखेरीला तयार झालं. राजकारणाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक, आणि अर्पण बायकोला. त्यात तिच्या मनाचा चांगुलपणा आहे, मित्र नव्हते त्या दिवसांत सोबत सोसल्याची आठवण आहे. आणि नाव ‘रमाबाई’ असं नाही घातलेलं. घरात हाक मारायचे तेच घातलंय. रामू.