मोबाइलवरचे दुकान आणि दुसरे शील

गिरगावातील खोताची वाडी तिथल्या लाकडी व्हरांड्यांसाठी आणि घराबाहेरून चढणाऱ्या जिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. साड्या, कुर्ते, दागिने विकणाऱ्यांना इन्स्टाग्रामसाठी अशी पार्श्वभूमी हवीच असते. मग कोणाच्या तरी जिन्यावर मॉडेल बसते, दारातल्या कुंड्या सरकवल्या जातात आणि घरच्याच माणसाला आत शिरायला थांबावे लागते. फोटोसाठी होणाऱ्या गर्दीबद्दल तिथल्या रहिवाशांनी नाराजी व्यक्त केली आहे. आमच्या मते ती रास्त आहे.

पंचशीलातील दुसरे शील आपण वंदनेत म्हणतो. ‘चोरी करणार नाही’ एवढाच त्याचा अर्थ बहुतेकांच्या लक्षात असतो. पाली शब्द मात्र ‘अदिन्न’ आहे, म्हणजे न दिलेले. परवानगीशिवाय वापरलेले घर, चेहरा, फोन नंबर हे सगळे त्यात येते.

सर्वात जास्त चुका व्हॉट्सअ‍ॅपवर होतात. विहाराच्या किंवा जयंती समितीच्या ग्रुपमधून नंबर उचलायचे आणि ‘ऑफर’चा नवा ग्रुप काढायचा, हे सर्रास चालते. त्यामुळे आपल्या भगिनींचे नंबर अनोळखी लोकांसमोर उघडे पडतात. त्याऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरावी. तिच्यातील संदेश प्रत्येकाला वेगळा जातो आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मिळतो. म्हणून आधी विचारावे, नंबर सेव्ह करायला सांगावे. ‘नको’ म्हणणाऱ्याचे नाव त्याच दिवशी काढावे.

मेहंदी, केक, केटरिंग करणाऱ्यांनी ग्राहकाचा, विशेषतः लहान मुलांचा फोटो टाकण्यापूर्वी होकार घ्यावा आणि तो संदेश जपून ठेवावा. दुसऱ्याच्या मालाचा फोटो आपला म्हणून लावू नये. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर कारवाई होऊ शकते. घरगुती मसाले, लोणची विकणाऱ्यांनाही एफएसएसएआयची नोंदणी लागते. तो 14 अंकी क्रमांक पानावर द्यावा. किंमत उघड लिहावी. ‘इनबॉक्स करा’ वाचून निम्मे गिऱ्हाईक निघून जाते, असा आमचा अनुभव आहे.

आणि 6 डिसेंबरला ‘हार्दिक शुभेच्छा’ नकोत. त्या दिवशी अभिवादन करतात. दुर्दैवाने ही चूक आपलेच लोक करतात.

मालाबद्दल तक्रार आली तर ती पुसू नये. तिथेच एकदा नम्रपणे उत्तर द्यावे, पुढचे फोनवर बोलावे. जातीवरून केलेली शिवीगाळ ही मात्र तक्रार नव्हे. दुकानाच्या नावात ‘भीम’ दिसले की काही जण माल न पाहताच तिथे घसरतात. अशा वेळी उलट शिव्या देऊ नयेत. पोस्ट पुसण्याआधी तारीख, वेळ आणि प्रोफाइलच्या लिंकसह स्क्रीनशॉट काढावा. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, त्यामुळे धर्मांतराचे कारण सांगून कोणी परत पाठवू शकत नाही. जाताना जातीच्या दाखल्याची प्रत आणि स्क्रीनशॉटच्या छापील प्रती सोबत न्याव्यात.