आयरिश प्रजासत्ताकवादी सशस्त्र संघटना आणि ख्रिस्तसभा

आयर्लंडमधील संघर्षाला ‘कॅथलिक विरुद्ध प्रॉटेस्टंट’ असे नाव देण्याची सवय जगभर पडली आणि आयरिश रिपब्लिकन आर्मी, म्हणजेच आयआरए, ही जणू कॅथलिकांची सेना होती असा समज त्यातून रूढ झाला. हा समज अर्धवट आहे. या परंपरेचे आद्य पुरुष मानले गेलेले, १७९१ साली स्थापन झालेल्या ‘युनायटेड आयरिशमेन’चे वुल्फ टोन हे स्वतः प्रॉटेस्टंट होते. ब्रिटिश सत्तेपासून मुक्त प्रजासत्ताक हे त्यांचे ध्येय राजकीय होते. तथापि पुढे शस्त्र हाती घेणारे बहुसंख्य तरुण मिस्सेला जाणाऱ्या घरांतूनच आले, हेही नाकारता येत नाही. म्हणूनच या संघटनांविषयी लिहिताना ख्रिस्तसभेचा विषय बाजूला ठेवणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

१७ मार्च १८५८ रोजी, संत पॅट्रिकच्या सणादिवशी, जेम्स स्टीफन्स यांनी डब्लिनमध्ये एक शपथबद्ध गुप्त संघटना स्थापन केली. तीच पुढे आयरिश रिपब्लिकन ब्रदरहूड म्हणून ओळखली गेली. तिच्या सदस्यांना ‘फेनियन’ म्हणत. गुप्त शपथ ख्रिस्तसभेला मान्य होणे शक्य नव्हते. डब्लिनचे कार्डिनल पॉल कलन यांनी फेनियनांना कडाडून विरोध केला आणि १८७० साली परमपीठाने त्यांचा नावानिशी निषेध केला. १८६७ चा उठाव फसला, परंतु संघटना टिकली. २४ एप्रिल १९१६ रोजी, ईस्टरच्या सोमवारी, डब्लिनच्या जनरल पोस्ट ऑफिससमोर पॅट्रिक पिअर्स यांनी प्रजासत्ताकाची घोषणा वाचली, त्यामागे याच संघटनेचे नियोजन होते. उठाव आठवडाभरात मोडला. मात्र त्यानंतर १६ जणांना देहदंड दिला गेला आणि तोवर उदासीन असलेली जनता बंडखोरांच्या बाजूने झुकली.

१९१९ ते १९२१ या स्वातंत्र्ययुद्धात आयआरए हे नाव सर्वतोमुखी झाले. मायकेल कॉलिन्स यांची गनिमी पद्धत दूरवर अभ्यासली गेली. १९३० साली चितगाव शस्त्रागारावर छापा घालणाऱ्या सूर्य सेन यांच्या क्रांतिकारकांनी स्वतःला ‘इंडियन रिपब्लिकन आर्मी’ म्हणवून घेतले होते. इकडे कॉर्कचे बिशप डॅनियल कोहलन यांनी डिसेंबर १९२० मध्ये, दबा धरून हल्ले करणाऱ्यांना धर्मबहिष्कृत करण्याचा आदेश काढला. डिसेंबर १९२१ च्या तहाने स्वायत्त राज्य मिळाले, पण उत्तरेकडील सहा परगणे ब्रिटनकडेच राहिले, आणि तह मानणारे व न मानणारे यांच्यात यादवी पेटली. ऑक्टोबर १९२२ मध्ये बिशपांनी तहविरोधी लढवय्यांना संस्कार नाकारले. त्याच तहविरोधी पक्षाचे एमन डी व्हॅलेरा यांनी १९३२ साली शासनप्रमुख म्हणून डब्लिनच्या जागतिक युखरिस्त परिषदेचे स्वागत केले, आणि १९३६ साली त्यांच्याच सरकारने आयआरएवर बंदी घातली!

पुढील तीन दशके तुलनेने लहान मोहिमांची होती. उत्तर आयर्लंडमध्ये मतदान, घरे व नोकऱ्या यांबाबत कॅथलिकांवर अन्याय होत असे. १९६९ च्या ऑगस्टमध्ये दंगली उसळल्या आणि त्याच वर्षाअखेर आयआरए ‘ऑफिशियल’ व ‘प्रोव्हिजनल’ अशी दुभंगली. ऑफिशियल गटाने १९७२ साली शस्त्रसंधी केली. त्यातून फुटलेल्यांनी १९७४ साली आयएनएलए काढली. खरा रक्तपात प्रोव्हिजनल गटाचा. तीस वर्षांत सुमारे ३,५०० माणसे मारली गेली, त्यांपैकी सुमारे १,७०० या एका गटाकडून.

३० जानेवारी १९७२ रोजी डेरीमध्ये ब्रिटिश सैनिकांनी निःशस्त्र मोर्चावर गोळीबार केला. १३ जण ठार झाले व आणखी एक नंतर मरण पावला. रक्ताळलेला रुमाल फडकवीत जखमी मुलासाठी वाट काढणारे फादर एडवर्ड डेली यांचे छायाचित्र जगाने पाहिले. पण त्याच वर्षीच्या ३१ जुलैचे क्लॉडी गावही विसरता कामा नये. तेथील बाँबस्फोटांत ९ जण मेले. फादर जेम्स चेस्नी यांचा त्यात हात असल्याचा पोलिसांना संशय होता, आणि शासन व ख्रिस्तसभेचे वरिष्ठ यांच्या बोलण्यातून त्यांची सीमेपलीकडे बदली झाली, असे पोलीस लोकपालांच्या २०१० च्या अहवालाने उघड केले. त्यांना कधीही अटक झाली नाही.

२७ ऑगस्ट १९७९ रोजी भारताचे अखेरचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांची आयआरएने बाँबने हत्या केली. सुमारे महिनाभराने ड्रोहेडा येथे पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘गुडघे टेकून विनवतो’ अशा शब्दांत हिंसा सोडण्याची विनवणी केली. आयआरएने ती धुडकावली. १९८१ च्या तुरुंगातील उपोषणात बॉबी सँड्स यांच्यासह १० जणांनी प्राण सोडले.

शांततेची वाट उघडण्यात रिडेम्प्टरिस्ट संघाचे फादर अॅलेक रीड यांचा वाटा मोठा. १९ मार्च १९८८ रोजी बेलफास्टमध्ये आयआरएने मारलेल्या दोन ब्रिटिश सैनिकांजवळ गुडघे टेकून त्यांनी प्रार्थना केली. त्या वेळी त्यांच्याकडे शिन फेन पक्षाचा जॉन ह्यूम यांच्यासाठीचा मसुदा होता आणि त्याच्या पाकिटाला रक्त लागले. १९९४ ची शस्त्रसंधी १९९६ साली मोडली, १९९७ साली पुन्हा झाली, आणि १० एप्रिल १९९८ रोजी, शुभ शुक्रवारी, करार झाला. २००५ साली आयआरएने शस्त्रे निकामी केली, तेव्हा साक्षीदार दोन होते: फादर रीड आणि मेथडिस्ट पाळक हॅरल्ड गुड.

करार न मानणारे गट उरलेच. १५ ऑगस्ट १९९८ रोजी ‘रियल आयआरए’ने ओमा येथे २९ जणांना मारले, ‘न्यू आयआरए’च्या गोळीने १८ एप्रिल २०१९ रोजी डेरीत पत्रकार लायरा मॅकी यांचा बळी घेतला. आणि आयआरएने गुपचूप ठार करून पुरलेल्यांपैकी काहींचे अवशेष अद्याप सापडलेले नाहीत. त्यांचा शोध घेण्यासाठी १९९९ साली नेमलेला आयोग आजही दलदलीच्या जमिनी खणत असतो.