४२.३४ मीटरांवरील आवाज

सन १९४२ च्या ‘काँग्रेस रेडिओ’विषयीं जें लिहिलें गेलें आहे, त्यांत बावीस वर्षांच्या उषाबाई मेहतांच्या धैर्याचें वर्णन यथायोग्य आहे, परंतु त्या केंद्राच्या घोषणेंतला ४२.३४ मीटर हा आंकडा वाचक सहसा ओलांडून पुढें जातात. आमच्या मतें त्या साहसाचा अर्धा इतिहास त्या आंकड्यांतच आहे.

४२.३४ मीटर म्हणजे सेकंदास सुमारें ७०,८०,००० कंपनें. हौशी रेडिओवाल्यांचा ‘चाळीस मीटरांचा’ पट्टा तो हाच. महायुद्ध सुरू होतांच १९३९ सालीं सरकारनें या मंडळींचे परवाने रद्द केले. ज्या पट्ट्यांत खाजगी माणसानें शब्द उच्चारणेंहि गुन्हा ठरला होता, त्यांतच २७ ऑगस्ट १९४२ रोजीं हें केंद्र मुंबईंतून बोलूं लागलें. आष्टी-चिमूरचे अत्याचार, जमशेदपूरचा संप, ज्या वार्ता छापण्यास वृत्तपत्रें धजत नव्हतीं, त्या येथून सांगितल्या गेल्या.

या लहरीचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. तिला साजेशी अर्धलहरी तार सुमारें २१ मीटर, म्हणजे जवळजवळ ७० फूट लांब. ती बेताच्या उंचीवर ताणली तर लहर बहुतांशीं वर जाते, आणि वातावरणाच्या विद्युद्भारित थरावरून परतून कांहींशे मैलांच्या टापूंत उतरते. दिवसा त्याखालचा एक थर तिचें बळ शोषून घेतो. सूर्य मावळला कीं तो विरतो व लहर दूरवर पोंचते. (या थरांचा अभ्यास करणारी भूचुंबकत्व संस्था आज आमच्या नव्या मुंबईंत, नवीन पनवेलला आहे. तिची पूर्वज कुलाब्याची वेधशाळा. विजेच्या ट्रामी येणार म्हणून तेथील चुंबकीय वेध १९०४ सालीं अलिबागेस न्यावे लागले. शहराच्या गोंगाटापासून सूक्ष्म यंत्रांनीं पळ काढावा, ही रीत जुनीच!)

पण जी लहर श्रोत्यास ऐकूं येते ती शोधणाऱ्यासहि येते. वेटोळ्याचें एरियल फिरवीत गेलें म्हणजे एका दिशेस आवाज अगदीं क्षीण होतो, व त्यावरून प्रक्षेपकाची रेषा कळते. अशा दोन रेषा जेथें छेदतील तेथें घर! वरून उतरणारी लहर हा हिशेब बिघडविते खरी. परंतु जवळ आलेल्या पोलिसी मोटारीस जमिनीलगतची लहर सरळ मिळते. म्हणून मुक्काम हलत राहिला: चौपाटीवरील सी व्ह्यू, लॅबर्नम रोडवरील अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरील लक्ष्मी भुवन, गिरगांवांतील पारेखवाडी, शेवटीं महालक्ष्मीजवळचा पॅरडाइज बंगला. प्रत्येक ठिकाणीं एरियल नव्यानें उभारणें आलें, आणि तें चोरून. परक्या गच्चीवर तार ताणणें म्हणजे काय, हें वाशी-नेरूळच्या सोसायट्यांत परवानगीसाठीं खेटे घालणाऱ्या आजच्या हौशी रेडिओवाल्यांस विचारावें!

१२ नोव्हेंबरच्या रात्रीं केंद्र पकडलें गेलें, तें मात्र निव्वळ एरियलमुळें नव्हे. ज्याच्या हातानें यंत्र जुळलें होतें, त्याच तंत्रज्ञानें पत्ता दिला. शत्रूच्या वेटोळ्यास जें साधलें नाहीं तें घरच्या माणसानें साधून दिलें. खास न्यायालयानें १९४३ सालीं बाबूभाई खाखर यांस ५ वर्षें, उषाबाईंस ४ वर्षें व चंद्रकांत झवेरी यांस १ वर्ष अशी शिक्षा दिली.

या केंद्रावरील भाषणें आज आपणांस वाचावयास मिळतात. पोलिसांनीं रोज रेडिओसमोर बसून तीं टिपून घेतलीं होतीं.